आमच्या घरातली हुक्की

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मालवणच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. रस्त्याच्या दोन्ही कडांना रानातलं सामान घेऊन बायका बसलेल्या असतात. गणपतीच्या डोक्यावर छताला जी लाकडी चौकट बांधतात ती माटवी, आणि हे सगळं तिला टांगायचं: कवंडाळाची लालभडक फळं, हरणाची पिवळी फुलं, शेरवाडाची पांढरी पानं, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळ. ओली पानं, चिखल आणि माणसं यांचा मिळून एक वास तिथे भरून राहिलेला असतो. वर्षातून एकदाच येणारा हा वास मला फार आवडायचा. यंदा मी नाकाला पदर लावून चालले होते.

माझी नेहमीची कवंडाळवाली बाई दरवर्षी त्याच कोपऱ्यावर असते. जुडी हातात देता देता तिने विचारलं, "वयनीनू, औंदा दाजी काय टांगतले माटवेक?"

"औंदा काय नाय."

"कित्या? हुक्की नाय इली?"

तिने सहज विचारलं, तिला काय ठाऊक! मी पिशवी उचलली आणि रिक्षा शोधायला निघाले. तारकर्लीपर्यंतच्या वाटेवर भात पोटरीला आलेलं होतं, पावसाने उघडीप दिली होती, ऊन असं पडलं होतं की एरवी मी रिक्षावाल्याला वाटेत थांबवलं असतं. मी मात्र एका शब्दाला धरून बसले होते.

हुक्की. या शब्दाशी माझा संसार झाला असं म्हटलं तरी चालेल. लहर वेगळी. लहर मोठ्या माणसांना येते, साहेबांची लहर सांभाळावी लागते. खूळ वेगळं. ते डोक्यात शिरलं की मुक्काम करतं, माणसाचं नाव घालवतं. हुक्की आपल्यासारख्या साध्या माणसांची. उचकीसारखी येते, घरातल्यांना दोन घटका नाचवते आणि निघून जाते. ती बहुतेक वेळा दुसऱ्यालाच आलेली असते आणि निस्तरायची आपल्याला असते. "आली ह्यांना हुक्की," असं म्हणताना बाई कपाळाला हात लावते, पण तोंड फिरवून हसतेही. ज्या माणसावर आपला जीव नाही त्याला आपण हुक्की आली असं म्हणत नाही. त्याला विक्षिप्त म्हणतो.

नवऱ्याचं नाव मी उखाण्यापलीकडे कधी तोंडाने घेतलेलं नाही. लिहिताना मात्र विश्राम असंच लिहिते, नाहीतर 'हे' म्हणजे कोण याचा वाचणाऱ्याला घोळ व्हायचा. विश्राम आणि मी तारकर्लीला आमच्याच घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो. मी रांधायचं, त्यांनी बोलायचं, अशी वाटणी. पाहुण्यांना होडीतून कर्लीच्या खाडीत फिरवून आणायचं कामही त्यांचंच.

आणि बोलणं तरी कसलं! घरातल्या एकाही वस्तूला या माणसाने तिच्या खऱ्या नावाने हाक मारली नाही. मिक्सर म्हणजे सासू, कारण सुरू झाली की बाकीच्यांनी गप्प बसायचं. फ्रिज म्हणजे महाबळेश्वर. माझा चष्मा म्हणजे खिडकी. पाण्याचा पंप म्हणजे आळशी जावई, चार लाथा घातल्याशिवाय न उठणारा. नव्या पाहुण्यांना ते सांगत, "म्हाबळेश्वरात सोलकढी ठेवली आसा, घेवा." पुण्याची माणसं बिचारी बाहेर अंगणात जाऊन बघत. मला नांदगावहून लग्न होऊन आल्यावर पहिले काही महिने या घरात काही सापडतच नसे. सासूला धुवून ठेव म्हटल्यावर नव्या सुनेने करायचं तरी काय?

मी चिडायचे. माझा स्वभाव सरळ रेषेतला. वस्तूला एक नाव असतं, ते घ्यावं, ती द्यावी, काम उरकावं. पण खरं सांगायचं तर ज्या दिवशी त्यांना काही सुचत नसे त्या दिवशी मला घर सुनं वाटे. "आज तोंडाला कुलूप का?" असं मीच विचारायचे.

चतुर्थीला तर त्यांना ऊत यायचा. माटवी बांधायचा मान त्यांचा. सगळी रानफळं रीतसर टांगून झाली की सर्वांत शेवटी ते हळूच एक आगाऊ वस्तू मधोमध टांगत. एका वर्षी दोडक्याची सुसर केली होती, डोळ्यांच्या जागी गुंजा लावलेली. एका वर्षी होडीच्या इंजिनाचा जळका प्लग टांगला, हळदकुंकू लावून. त्यांचे थोरले चुलतभाऊ तातू, भावकीतले सर्वांत कडक, तेव्हा खवळले होते. "इसराम, देवाचा घर आसा, भंगाराचा दुकान नाय!"

"तातू, वर्सभर ह्येनी आमका पोसल्यान. हेका मान नको?"

तातू पाटावर जाऊन बसले. पुढे तेही दरवर्षी आल्या आल्या आधी माटवीकडे मान वर करून बघायचे.

आता त्या चतुर्थीविषयी लिहायचं आहे. फार मागची नाही, मधे दोनच चतुर्थ्या गेल्या. तो भाद्रपद माझ्या डोळ्यांसमोर जितका लख्ख आहे तितका माझ्या लग्नाचा दिवसही नाही. पाऊस नेमका आदल्या दिवशी थांबला होता. पडवीत नारळांचा ढीग, अंगणात तेरडा फुललेला, खाडीचं पाणी अजून तांबूस. आमची मुलगी तेजू म्हापशाला नोकरी करते, ती चार दिवसांची रजा टाकून आली होती. आणि विश्रामना त्या आठवड्यात हुक्कीवर हुक्की येत होती. तेजू म्हणाली देखील, "आई, बाबा औंदा फॉर्मात आसत."

गाळणीला ते चांदणी म्हणाले. मी उजेडाकडे धरून पाहिली, भोकाभोकांतून ऊन आलं होतं, आणि मला ते पटलं. माटवीतल्या नारळाकडे बोट करून "ती घंटा वायच वर घे" म्हणाले. वायच म्हणजे आमच्याकडे जरासं. तोही खरंच घंटेसारखा लोंबत होता. छत्री मागताना त्यांना काही क्षण थांबावं लागलं, मग म्हणाले, "तां गो तां, पावसाचा घर." आम्ही मायलेकी टाळ्या देऊन हसलो. नेहमीची नावं थट्टेची असायची, ही अगदी कवितेसारखी होती. वय झालं की माणूस मऊ होतो, असं मी मनाशी म्हटलं.

माटवी बांधून झाल्यावर त्यांनी मधोमध टांगला घरच्या किल्ल्यांचा जुडगा. खोल्यांच्या, कपाटाच्या, होडीच्या कुलपाच्या, सगळ्या किल्ल्या. आम्हाला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरभर शोधाशोध, मी त्यांना विचारते आहे, ते माझ्याबरोबर गाद्या उचलून बघताहेत. शेवटी तेजूची नजर वर गेली. ती हसून हसून खाली बसली. "घराच्या चाव्या देवाच्या हातात!" असं म्हणून तिने फोटो काढले. आलेला प्रत्येक माणूस मान वर करून वाहवा करत होता. विश्रामही मान वर करून हसले. सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा.

मग गाऱ्हाणं. आमच्याकडे पूजा झाली की घरातला जाणता पुरुष देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. लिहिलेलं काही नसतं. बा देवा म्हाराजा, अशी हाक मारून घरातल्या एकेकाचं मागणं मांडायचं आणि मागे उभ्या असलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार भरायचा. तातूंचा आवाज पूर्वीच बसला होता, म्हणून हा मान विश्रामकडे आलेला. त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारच्या वाडीतून माणसं येत. आधी सगळं पद्धतशीर, मग मधेच, "आणि ह्या आमच्या जावयाक, पंपाक, बुद्धी दी म्हाराजा!" आणि सगळी ओटी दणाणून, "व्हय म्हाराजा!"

त्या वर्षी ते उभे राहिले, हात जोडले. "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

पुढे काही येईना. समई तडतडली, कुणाचं तरी पोर खोकलं. विश्राम मूर्तीकडे बघत होते. मी बाजूने त्यांचा चेहरा पाहिला, घाम आला होता, पण एवढ्या गर्दीत घाम कुणाला येत नाही? मग ते म्हणाले, "तुका सगळा म्हायत आसा. मी कित्याक सांगू?"

आणि मग जे काय हसणं उसळलं! "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" तातूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "इसराम, इतक्या वर्सात असा गाऱ्हाणा कोणी घालूक नाय." एवढीशी दोन वाक्यं, पण वाडीभर त्याचीच चर्चा. देवाला सगळं ठाऊक आहे तर सांगायचं कशाला, वा! ज्या माणसाला लहानपणापासून तोंडपाठ असलेले शब्द आठवत नव्हते त्याच्यासमोर आम्ही पंचवीस-तीस माणसं एका सुरात होकार देत उभी होतो.

आणि शेवटी ते वाक्य, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

देवाला दाखवायचा नैवेद्य चाखून बघायचा नसतो. मीठमसाला अंदाजाने घालायचा. एरवी माझा अंदाज चुकत नाही, पण त्या दिवशी किल्ल्यांच्या गोंधळात काळ्या वाटाण्याच्या उसळीत मीठ पडलंच नाही. पंगत बसली. आमच्याकडची माणसं देवाच्या जेवणाला नाव ठेवत नाहीत. पहिला घास घेतला आणि एकेकाचा हात मंदावला. तातू तर अळणी उसळ मान डोलावत खात होते. मी वाढत होते, मला काही कळत नव्हतं. विश्रामनी घास घेतला, वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वायच दर्या घाल गो हेच्यात."

सगळी पंगत हसून कोसळली. मला आधी अर्थ लागला नाही, मग लागला, आणि मीठ आणायला आत गेले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. इतक्या माणसांत त्यांनी मला खाली पाहायला लावलं नाही. मीठ विसरलीस, असं ते म्हणाले नाहीत. वायच दर्या घाल म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात मला कुणी काही दिलं असेल तर ते हे, असं मला त्या क्षणी वाटलं.

तेजूने पुढच्या सुट्टीत येऊन ते वाक्य पाहुण्यांच्या जेवणाच्या पडवीत भिंतीवर निळ्या रंगात लिहून काढलं. वायच दर्या घाल गो. खाली एक छोटीशी होडी. पाहुण्यांना फार आवडतं. त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतात, मला अर्थ विचारतात, आणि मी सांगायचे. तिखटमीठ लावून सांगायचे.

मग त्याच वर्षी दिवाळीनंतर विश्राम एकदा होडी घेऊन गेले आणि नेहमीच्या धक्क्याला न लागता पलीकडच्या तीराला लागून नुसते बसून राहिले. होडीतले पाहुणे भले होते, त्यांनी फोन केला. तेव्हा आम्ही त्यांना गोव्यातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, शांत बोलणारी. तिने त्यांना पेन दाखवलं, घड्याळ दाखवलं, गळ्यातली नळी दाखवली. घड्याळाला विश्राम म्हणाले, "फिरता तां." मी आणि तेजूने सवयीने एकमेकींकडे पाहून स्मित केलं.

"हे वस्तूंना वेगळी नावं केव्हापासून देतायत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लग्नापासून," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो. त्या खोलीत, त्या खुर्चीवर बसून आम्ही हसलो.

ती हसली नाही. तिने आणखी उदाहरणं विचारून घेतली आणि मग समजावून सांगितलं. या आजारात आधी नावं जातात. वस्तू कळते, तिचं काम कळतं, पण नाव सापडत नाही, म्हणून माणूस वळसा घालून जातो. गाळणीला तिच्या भोकांवरून ओळखतो, छत्रीला पावसावरून. घरच्यांच्या हे लवकर लक्षात येतं, असं ती म्हणाली, आणि मग आमच्याकडे पाहून थांबली. याच्यावर औषध आहे का, असं तेजूने विचारलं. वेग थोडा कमी होईल, ती म्हणाली. परत येताना गाडीत विश्राम खिडकीबाहेर काजूच्या बागा बघत होते, आणि मी मागे बसून एकेक आठवत होते. चांदणी. घंटा. पावसाचं घर.

वायच दर्या.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. मीठ हा शब्द त्यांना त्या दिवशी सापडत होता का? सापडत असून त्यांनी बाजूला ठेवला, माझ्यासाठी? की सापडलाच नाही, आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल ते धरतो तसा त्यांनी दर्या धरला, आणि मी त्या घाबरण्यावर माझा सगळा संसार तोलून पाहिला? मी त्यांचा तेव्हाचा चेहरा आठवू पाहते. गंमत करताना त्यांची डावी भुवई वर जायची. त्या दिवशी गेली होती का? कधी कधी मला ती गेलेली स्पष्ट दिसते. मग वाटतं, ती मीच आता चढवली.

तेजूला मी हे एकदा फोनवर सांगितलं. भिंतीवर चुना मारू या म्हणाले. ती रडली. "आई, ता वाक्य बाबांचाच आसा. आजाराक असा सुचता काय खंय?"

"गाळणीक चांदणी कोणाक सुचली मगे?"

आजार आल्याचं दुःख असतं, माणूस गेल्याचं असतं, त्याला सांत्वनाला माणसं येतात. पण मागच्या हसण्याचं काय करायचं? किल्ल्यांचे फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत, पुसायचा धीर होत नाही आणि उघडायचाही. हुक्की येते आणि जाते, या भरवशावर आम्ही निर्धास्त राहिलो. एवढा बोलका माणूस आमच्या डोळ्यांदेखत बुडत होता आणि काठावर उभं राहून आम्ही टाळ्या वाजवत होतो. याच्यात दोष कुणाचा नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोष असता तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी रागावता आलं असतं.

आता ते फार बोलत नाहीत. सांगितलं की जेवतात, सांगितलं की झोपतात. मिक्सर सुरू झाला की दचकतात. पाहुण्यांना मी "मालकांची तब्येत बरी नाही" एवढंच सांगते. त्यांना बघायला येणारी माणसं जाताना मला हळूच विचारतात, "ओळखतत मा?" मी हो म्हणते. माझी ओळख अशी की भूक लागली की ते माझ्याकडे बघतात.

मधल्या दोन वर्षी मी हातात दिलं ते त्यांनी टांगलं तरी, यंदा माटवी तातूंच्या मुलाने बांधली. मधोमध एक साधं तवसं टांगलं, मोठी काकडी. गाऱ्हाणं तातूंनी घातलं, फाटक्या आवाजात, पद्धतशीर. विश्रामना मी पुढे उभं केलं होतं. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं तेव्हा त्यांचे ओठ हलले की काय असं मला वाटलं, पण मी आता वाटण्यावर विश्वास ठेवत नाही.

स्वयंपाक करताना मात्र मी एक गोष्ट केली. काळ्या वाटाण्याची उसळ उतरवली, आणि मीठ घालायच्या आधी दोन वाट्या काढून फडताळात झाकून ठेवल्या. मग बाकीच्या उसळीत मीठ घातलं, नैवेद्य दाखवला, पंगत बसवली. तेजूला काही सांगितलं नाही. विश्रामच्या पानात मात्र फडताळातली एक वाटी वाढली. त्यांनी 'मीठ' म्हटलं असतं तरी मला चाललं असतं. नुसतं तोंड वाकडं केलं असतं तरी मी ते वाक्य त्यांचं मानून टाकलं असतं आणि पुन्हा कधी विचार केला नसता.

त्यांनी पहिला घास घेतला. मी ताकाचं भांडं धरून समोर उभी होते. दुसरा घेतला. खाली मान घालून ते सावकाश जेवत होते, बोटांनी वाटी पुसून घेतली, एक वाटाणा पानाबाहेर पडला होता तोही उचलून खाल्ला.

"कशी झाली?" मी वाकून विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. दोन्ही भुवया जागच्या जागी होत्या. आमच्याकडे उतरलेले पाहुणे निघताना जसं अदबीने बोलतात तसं, एकेक शब्द नीट उच्चारून ते म्हणाले, "बरी झाली हा, बाय. तुमच्या हाताक चव आसा."

मी फडताळाकडे गेले, दुसरी वाटी आणली आणि त्यांना वाढली. तीही त्यांनी संपवली.